पायथ्याशी झालेला सत्कार

धम्मशीला तायडे यांच्या पत्राला भागवतराव अढावांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. लिहिलं होतं, पुष्कळदा लिहिलं होतं. त्यातलं एकही पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलं नव्हतं.

धम्मशीलाबाई वरवट बकालच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. इंजेक्शन सगळ्या गावाने त्यांच्या हातून घेतलं. त्यांच्या घरी चहा घेणारे मोजकेच होते. भागवतराव तेव्हा गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. संध्याकाळी ड्युटी संपली की बाई पुस्तक बदलायला येत. "हे कसं आहे?" असं त्या विचारत आणि भागवतराव "बरं आहे" म्हणत. नावडलेलं पुस्तकही बरं आणि आवडलेलंही बरंच. एवढ्या बोलण्यावर दहा वर्षं निघाली. मग बाईंची बदली अकोल्याला झाली, तिथेच त्या निवृत्त झाल्या, आणि एक दिवस त्यांचं पत्र आलं.

"नोकरीत असताना केंद्राच्या खिडकीतून रोज भोरटेक डोंगर दिसायचा," बाईंनी लिहिलं होतं. "कधी सवड झाली नाही. आता सवड आहे आणि गुडघेही अजून शाबूत आहेत. तो डोंगर एकदा पायी चढून पाहायचा आहे. एकट्या बाईने जायचं म्हटलं की शंभर जण सल्ला देतात. तुम्ही कोणालाच सल्ला देत नाही, म्हणून तुम्हांला विचारते. याल का बरोबर?"

भागवतराव आधी मायन्याशीच अडले. 'प्रिय सिस्टर' लिहिलं तर 'प्रिय'ची लाज वाटे. 'आदरणीय' लिहिलं तर रजेचा अर्ज वाटे. 'श्रीमती तायडे यांस' लिहिलं तर कोर्टाचं समन्स वाटे. मायना एकदाचा उतरला, की पुढे डोंगर उभा राही.

कारण भोरटेक त्यांनी फक्त वाचला होता. वाचनालयातल्या एका जुन्या, पाठ फाटलेल्या ग्रंथात त्या डोंगरावर अडीच ओळी होत्या. त्या त्यांना तोंडपाठ होत्या. पाय मात्र कधी लागले नव्हते. यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. डोंगर पाहायला म्हणून चढायचा असतो, ही गोष्ट गावात कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. गुराखी चढत, लाकूडफाट्याला जाणारे चढत. बाकीचं गाव डोंगराकडे जाई ते रोडग्याच्या पार्टीला. पायथ्याच्या ओढ्याशी गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, ते फोडून तुपात बुडवायचे, वर झणझणीत वांग्याची भाजी ओतायची. एवढं पोटात गेल्यावर माणूस डोंगराकडे पाठ करून झोपतो. पिढ्यान् पिढ्या वरवट बकालने सातपुड्याकडे अशी पाठ केली होती.

भागवतरावांचं वय एकाहत्तर. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मंजुश्री सासरी, घरात पुस्तकं आणि ते. बाईंबरोबर जावं आणि मध्येच छाती भरून यावी, म्हणजे निवृत्तीनंतरही सिस्टरला पेशंटच सांभाळावा लागणार! बरोबर येणारा माणूस निदान उचलून आणावा लागू नये, एवढी तरी त्याची लायकी हवी. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं की आधी आपण वर जाऊन यायचं. वर पोचलो तर बाईंना 'हो' लिहायचं, नाही पोचलो तर 'नाही'. म्हणजे उत्तर त्यांनी स्वतःच नेऊन डोंगराच्या माथ्यावर ठेवलं होतं, आणि तीन वर्षं ते आणायला जायचं धाडस होत नव्हतं.

ते कदाचित तसंच राहिलं असतं. पण जानेवारीत गावच्या चौकात एक बॅनर लागला. 'सातपुडा पदभ्रमण मंडळ आयोजित भव्य भोरटेक शिखर पदभ्रमण.' त्यावर एकवीस माणसांचे फोटो होते. डोंगराचा फोटोही होता, पण तो बर्फाचा होता. आणि खालच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात, 'ज्येष्ठ पदयात्री' या शब्दांखाली साक्षात भागवतराव अढाव.

मंडळाचा अध्यक्ष राजकुमार याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, असं गावाचं सगळं सुखदुःख त्याच्या मशीनमधून बाहेर पडे. भागवतराव धीर करून दुकानात गेले.

"राजकुमार, माझा फोटो..."

"लय झकास आला, काका! वाचनालयाच्या निरोप समारंभातला हाये. हार कापून टाकला म्या."

"नाही, म्हणजे मी पदयात्री कुठे आहे?"

"नसले तं होसान! सीनियर सिटिझनच्या कोट्यात कोनीच भेटून नोतं राह्यलं. तुमी चालाचं टेन्शन घेऊच नका, काका. फक्त या."

भागवतरावांना 'नाही' म्हणायला नेहमीच एक दिवस लागे, आणि राजकुमारला दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. ते घरी आले. आता फोटो लागलाच आहे, म्हणाले, तर तेवढं तरी खरं करावं. त्यांनी धुळीतून कापडी बूट काढले.

रविवारी उजाडताच सगळ्यांनी ओढ्याशी जमायचं होतं. भागवतराव अंधारातच पोचले. उजाडल्यावर मंडप घालणारे आले, मग खुर्च्या आल्या, मग लाऊडस्पीकर आला. ऊन तुरीच्या शेतावर पसरलं तेव्हा पदयात्री येऊ लागले. पदयात्री मोटारसायकलीवरून येत होते. प्रत्येकाला एक पिवळी टोपी मिळाली, टोपीवर राजकुमारचा मोबाइल नंबर होता. डोंगर समोर होता. पायवाट मंडपाच्या मागूनच वर जात होती. तिच्यावर आडवी लाल फीत बांधली होती, आणि फीत कापल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

फीत कापणार होते उत्तमराव, माजी सभापती. उत्तमरावांना यायला उशीर होत होता. ते माजी असल्यामुळे त्यांना उशीर करणं भागच होतं. वेळेवर आले असते तर लोकांना त्यांची फारच कीव आली असती.

"तोवर चढून घ्यायचं का?" भागवतरावांनी शेजारच्या खुर्चीला हळूच विचारलं. "ऊन होतंय."

"पाव्हन्यायच्या आंधी?" शेजारची खुर्ची दचकली. "असं कसं जमीन, काका?"

मंडपाच्या मागे, ओढ्याच्या काठाला, राजकुमारची आई गोजरबाई दोन बायकांना हाताशी धरून कणीक मळत होती. गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. पदभ्रमणाच्या पत्रिकेत 'अल्पोपहार' असा शब्द होता. त्याचा अर्थ सगळ्या गावाला बरोबर कळला होता.

उत्तमराव आले तेव्हा सावल्या बुटाखाली गेल्या होत्या. पांढऱ्या गाडीतून उतरता उतरताच त्यांनी सांगितलं, "राजकुमार, मले लवकर मोकळं कर बाप्पा. दोन तेरव्या हायेत."

झालं. राजकुमारची धांदल उडाली. मूळ कार्यक्रमात फीत, मग चढाई, मग खाली आल्यावर पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रं असा क्रम होता. पण पाहुणे तेरवीला गेल्यावर प्रमाणपत्रं द्यायची कोणाच्या हस्ते? आणि हस्त नसेल तर प्रमाणपत्राला अर्थ काय? राजकुमारने क्षणभर डोकं खाजवलं आणि माइक हातात घेतला. "वेळेअभावी आपन प्रमाणपत्र वितरण आंधी घेऊन राह्यलो. चढाई नंतर होईन."

कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे आधी सत्कार आणि मग कर्तृत्व, हा क्रम नवीन थोडाच आहे! कित्येकांचं तर दुसरं येतच नाही, म्हणून पहिलं अडून राहत नाही.

आधी फीत कापली गेली. टाळ्या झाल्या. फितीच्या पलीकडे फक्त फोटोग्राफर गेला, तोही डोंगराकडे पाठ करून. मग उत्तमरावांनी भाषण केलं. डोंगर माणसाला नम्रता शिकवतो, असं त्यांनी सांगितलं आणि पाऊण तास स्वतःबद्दल बोलले. मग नावं पुकारली जाऊ लागली.

"ज्येष्ठ पदयात्री, आदरणीय भागवतराव अढाव!"

भागवतराव उठले. त्यांना जायचं नव्हतं, पण न जाण्यासाठी जे काही बोलावं लागलं असतं ते त्याहून अवघड होतं. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि वर एक चकचकीत प्रमाणपत्र. 'भोरटेक शिखर यशस्वीरीत्या सर केल्याबद्दल सन्मानपूर्वक प्रदान.' खाली बर्फाचा डोंगर.

"या वयातही!" उत्तमराव माइकमध्ये म्हणाले. "काय ही जिद्द! काय हा दम!"

दम खरोखरच लागला होता. तो व्यासपीठाच्या तीन पायऱ्यांचा होता.

पाहुणे गेले. साठेक माणसं भोरटेक सर केल्याची प्रमाणपत्रं हातात घेऊन पायथ्याशी उभी राहिली, आणि मग एकेक करून सतरंजीवर बसली. कोणी टोपी तोंडावर घेऊन आडवं झालं, कोणी फोटो पाठवू लागलं. राजकुमारने पेपरला बातमी पाठवून दिली. ती त्याने शनिवारीच लिहून ठेवली होती.

"राजकुमार, आता निघायचं ना?" भागवतरावांनी विचारलं.

राजकुमारने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं जेवण झाल्यावर पुन्हा पाट मांडणाऱ्याकडे पाहावं. "आता कायले चढता, काका? सट्टिफिकेट तं भेटलं नं!"

सतरंजीवरून हसू उठलं. "बूढं लय जोशात हाये बे," कोणीतरी म्हणालं.

भागवतराव बाजूला जाऊन बसले. हातातल्या कागदाकडे पाहता पाहता त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका सोपा होता की त्यांना त्याची भीतीच वाटली. हे प्रमाणपत्र पाकिटात घालायचं. 'चढून आलो, तुम्ही या' असं लिहायचं. कागद खरा, सही खरी, शिक्का खरा. अकोल्याला कोणाला काय कळणार? बाईंना तर नाहीच. त्या तर म्हणतील, वा! आणि मग खरोखरच येतील. मग त्यांच्याबरोबर पहिल्या चढावर बसून धापा टाकताना कोणता कागद दाखवायचा?

ते उठले. ओढ्याकडे जाऊन येतो, असं कोणी न विचारताच पुटपुटले, आणि तुटलेली फीत ओलांडून पायवाटेला लागले.

"भागवतभाऊ!"

ते वळले. मागे गोजरबाई उभी होती. कोपरापर्यंत कणीक, डोक्यावर पदर.

"वर चाल्ले नं?"

"नाही... म्हणजे, थोडं. जमलं तर."

"थांबा मंग." तिने ओढ्यात हात धुतले आणि पदर खोचला. "लगन होऊन आली तवापासून इथं रोडगे भाजून राह्यली. या डोंगरावर काय हाये, म्या कवाच पाह्यलं नाई. दरसाली मानसं म्हनते, आता चढू, मंग चढू. अन् मंग घोरते."

"पण रोडगे?"

"गोळे करून ठेवले हायेत. भाजतीन नं. साठ जन डोंगर चढून आले, त्याईले रोडगे भाजनं काय जड हाये?"

भागवतरावांनी मंडपाकडे चोरून पाहिलं. "लोक काय म्हणतील, गोजरबाई? आपण दोघंच..."

"लोकाईले तोंड उघडाले जागं तं होऊ द्या."

दोघं निघाले. पहिला चढ मुरमाचा, सोपा होता. सागाची वाळलेली पानं पायाखाली कुरकुरत होती. गोजरबाई पुढे आणि भागवतराव मागे, शालीचं ओझं खांद्यावर घेऊन. शाल फेकावी तर सत्काराचा अपमान, बाळगावी तर घाम. पळसाच्या झाडाशी ते थांबले, मग दगडाशी थांबले, मग कारण नसताना थांबले.

"तुमी इतके पुस्तकं वाचले," गोजरबाई म्हणाली, "त्यात या डोंगराचं काय लिवलं हाये?"

"अडीच ओळी आहेत."

"बस? एवढा मोठा डोंगर अन् अडीच ओळी? माह्या पोराचा बॅनर याच्याहून मोठा असते."

ते बरेच वर आले तेव्हा खालून लाऊडस्पीकर खरखरला. साऱ्या दरीत राजकुमारचा आवाज घुमला. "गोजरबाई जिथं कुठं असतीन, तिथून त्याईनं त्वरित रोडग्याजवळ यावं! गोजरबाईनं त्वरित रोडग्याजवळ यावं!"

गोजरबाई खडकावर बसली आणि पदराने तोंड पुसत ऐकू लागली. जरा वेळाने स्पीकर पुन्हा बोलला, या वेळी रडकुंडीला येऊन. "माय, भाजीत मीठ टाकलं काय व?"

"नाई टाकलं," गोजरबाई शांतपणे डोंगराला म्हणाली. "लाव आता बॅनर."

भागवतराव हसले. मोठ्याने हसले, आणि आपला हसण्याचा आवाज असा आहे तर, म्हणून स्वतःच दचकले.

पण हसण्याने गुडघे बरे होत नाहीत. माथ्याच्या अलीकडे कातळाची एक उभी चढण होती. दोन माणसं उंच असेल-नसेल. हात टेकून, पाय खोबणीत घालून चढायची. गोजरबाई लुगडं सावरत सरसर गेली. भागवतरावांनी एक पाय वर ठेवला. दुसरा उचलला, आणि गुडघ्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांसमोर अंधारी आली. ते खाली उतरले, पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा उतरले. शेवटी त्यांनी शाल काढली, काटेरी गवतावर अंथरली आणि तिच्यावर बसले. सत्काराच्या शालीचा इतका चांगला उपयोग त्या तालुक्यात त्याआधी कोणी केला नसेल.

माथा त्यांच्या डोक्यावर होता. तिथे गोजरबाईची पावलं वाजत होती. खाली पूर्णेच्या खोऱ्यावर धुरकं पसरलं होतं. संत्र्यांच्या बागा, वेचणी संपून कपाशीची उलंगवाडी झालेली वावरं, सगळं अर्धवट दिसत होतं. मंडपावरचा बॅनर मात्र तिथूनही स्पष्ट वाचता येत होता.

"दिसते वो, भाऊ!" वरून गोजरबाई ओरडली. "आरपार दिसते! तिकडच्या अंगानंही दिसते!"

"काय दिसतं?"

उत्तर आलं नाही. बराच वेळ आलं नाही. मग ती उतरून आली. तिचं तोंड वेगळंच झालं होतं, पण ती नेहमीसारखीच बोलली. "चला. त्याईनं आतापरेंत सारे रोडगे जाळले असतीन."

"वर काय आहे? पलीकडे काय दिसतं?"

"नाई सांगत."

"अहो, मला जमलं नाही म्हणून तर विचारतो."

"तुमी या अन् पाहा. मले कोनी सांगतलं होतं काय, येवढी वर्सं?"

उतरताना ती तीनदा थांबली आणि मागे वळून हसली, पण सांगितलं नाही ते नाहीच.

खाली रोडगे वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक झाले होते, भाजी अळणी होती. साठ गिर्यारोहक मान खाली घालून जेवत होते. राजकुमारने आईकडे रागाने पाहिलं. "कुठं गेलती व माय?"

"वर."

"वर कायले?"

"तुह्याच बॅनरवर लिवलं होतं, शिखर पदभ्रमण. म्हटलं, येखाद्यानं तं जावं."

मंगळवारच्या पेपरात बातमी आली. 'एकाहत्तराव्या वर्षी सर केले भोरटेक!' फोटोत भागवतराव, उत्तमराव आणि नारळ. दुधाच्या डेअरीवर, किराणा दुकानात, मंदिरापाशी लोक हात जोडू लागले. भागवतराव प्रत्येकाला सांगत, "नाही हो, कातळापर्यंतच गेलो. वर नाही पोचलो." लोक म्हणत, "किती नम्र आहेत!" दुपारी राजकुमार येऊन सांगून गेला, की पुढच्या वर्षी फीत काकांच्याच हस्ते कापायची.

त्या संध्याकाळी ते टेबलाशी बसले. त्यांनी ठरवलेल्या नियमाने उत्तर सरळ होतं. पोचलो नाही, म्हणजे 'नाही'. त्यांनी 'नाही' लिहायला कागद घेतला. पण तीन वर्षं ज्या 'हो'ची भीती वाटत होती, त्याहून हा 'नाही' लिहिणं अवघड निघालं. गोजरबाई वर इतका वेळ गप्प का उभी राहिली होती, हे त्यांना कळायलाच हवं होतं. आणि बाईंना आपल्याला उचलून आणावं लागेल, या भीतीत एक गोष्ट त्यांनी कधी मोजलीच नव्हती. बाईंनी कुठे विचारलं होतं, तुम्ही वर पोचाल का म्हणून? त्यांनी एवढंच विचारलं होतं, याल का?

मायना लिहिताना ते थबकले, मग थबकले नाहीत.

"तायडेबाई,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

मी भोरटेकवर गेलो होतो. पेपरात आलं आहे की मी शिखर सर केलं. ते खोटं आहे, प्रमाणपत्रही खोटं आहे. माथ्याच्या अलीकडे एक कातळ आहे, तिथून मी परतलो. पलीकडे काय दिसतं, मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्या सांगत नाहीत. तुमचे गुडघे चांगले असतील तर तुम्ही कातळ चढाल. मी खाली बसेन किंवा पुन्हा प्रयत्न करेन. वाटेत धाप लागते, मी सारखा थांबतो, हे आधीच कळवतो. येतो. थंडी आहे तोवर यावं. कोणालाही सांगू नये, नाही तर सत्कार करतील.

भागवत अढाव"

पत्र वाचून त्यांना ते फार उद्धट वाटलं. दुसऱ्यांदा वाचून फार आर्जवी वाटलं. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर फाडलं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ते चप्पल घालून तडक पोस्टाकडे निघाले. पाकीट पेटीत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला आणि लगेच त्यांना वाटलं, 'सारखा थांबतो' हे लिहायला नको होतं. त्यांनी पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. तोंड अरुंद होतं. हात काही आत गेला नाही.